बेडकाची घाई आणि आपली पेरणी

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला कीं त्याच रात्रीं बेडकांचा एकच गलका सुरू होतो, आणि "आतां पाऊस लागला" असें समजून पुष्कळ शेतकरी पेरणीची घाई करतात. ही समजूत कितपत साधार आहे, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

जमिनींत पुरून घेणारे बेडूक आपल्या दख्खनच्या माळावरही आहेत. परंतु अशा बेडकांच्या वेळेचा बारकाईनें अभ्यास अमेरिकेंतील सोनोरा वाळवंटांत झाला आहे. तेथील एक जात मागील पायांवरच्या फावड्यासारख्या कठीण उंचवट्यानें माती उकरून वर्षांतील आठ-दहा महिने खालींच पडून राहते, व उन्हाळी वादळी पाऊस कोसळला म्हणजे वर येते. तिला ओल जागें करीत असेल असें कोणासही वाटेल. परंतु १९८० सालीं डिमिट व रुइबाल या संशोधकांनीं दाखविलें कीं, कोरड्या मातींतही विजेच्या यंत्राची थरथर पोंचली तरी हे बेडूक बाहेर पडतात. सारांश, पडणाऱ्या पावसाचा हादरा हीच त्यांची खूण. पुढील पावसाचें ज्ञान त्यांस नसतें.

वर येतांच एका रात्रींत डबक्यांत अंडीं पडतात, आणि बेडूकमासे आठ-दहा दिवसांतही पाय फुटून जमिनीवर येऊं शकतात. डबकें त्यापूर्वीं आटलें तर सारी वीण मरते. तरीही मादीचें दिवाळें निघत नाहीं. ती हजारोंनीं अंडीं घालते व दहा-बारा वर्षें जगूं शकते. यंदाची हानि पुढील पावसाळ्यांत भरून निघते.

आपली स्थिति तशी नाहीं. बेडकास दहा दिवसांचें पाणी पुरतें. सोयाबीनला सुमारें शंभर दिवस ओल हवी. बियाणें विकतचें, खत उधारीचें. पावसानें ओढ दिली तर दुबार पेरणी व तिच्यामागून कर्ज. उशिरा पेरल्यास उतारा घटतो हा आक्षेप खरा आहे. तथापि चार-आठ दिवस थांबल्यानें होणारी तूट बियाणें दोनदां मातींत घालण्यापेक्षां सोसवते, असें आमचें मत आहे.

म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगला वाफसा आल्याखेरीज पेरूं नये, हा कृषिखात्याचा सल्ला सभासदांनीं पाळावा. त्यासाठीं गांवोगांवीं वर्गणीनें एक पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस चावडीवर लिहून ठेवावा. खर्च थोडा आहे, आणि पेरणीचा निर्णय मोजलेल्या पावसावर होईल.