दीपावलीच्या अंगणातील मुलांचा मान

दीपावली उंबरठ्याशी आली की घराघरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या मुखातून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आमच्या लहानपणी असे नव्हते.' त्यापाठोपाठ मग एकेका वस्तूची याद निघते. लाकडी ठकी, जाळीचा भोवरा, सागरगोटे, चिंचोके, काचापाण्यासाठी जमवलेले बांगड्यांचे तुकडे. पहाटेच्या चुलीवरची पेज, सातूचे पीठ, दुधात भिजलेले पोहे. ऐकणारी नातवंडे दोन घटका ऐकतात आणि उठून जातात. त्यांचे फारसे चुकते असेही आम्हांस वाटत नाही. वस्तू जुन्या होतात, त्यांच्या जागी नव्या येतात. हा काळाचा नियम आहे आणि त्याबद्दल रडत बसणे सणासुदीला शोभणारे नाही.

तथापि या हळहळीच्या तळाशी एक गोष्ट खरोखरीच मोलाची आहे, आणि तिचा उच्चार सहसा होत नाही. ती वस्तू नव्हे. तो मान आहे. आपल्या सणांमध्ये मुलांना त्यांचे स्वतःचे असे एक काम होते. ते काम त्यांच्यावाचून अडत असे, आणि ते कोणी त्यांच्याकडून हिरावून घेत नसे. खेळणे आणि खाऊ ही त्या कामाची साधने होती. आज साधने विपुल झाली आहेत. काम मात्र उरलेले नाही. आमच्या मते खरी हानी झाली ती येथे.

तिथीगणिक खेळ, तिथीगणिक धान्य

आपले पंचांग मुलांच्या नजरेने पाहिले तर ते खेळांचे आणि धान्यांचे वेळापत्रकच वाटावे. श्रावणात नागपंचमी आली की झाडाला झोपाळा बांधला जाई, आणि त्या दिवसाचा खाऊ म्हणजे लाह्या. त्याच महिन्यात मंगळागौरीला घरच्या लेकी-सुना रात्र जागवीत, आणि झिम्मा, फुगडी, पिंगा पाहता पाहता लहान मुली ते शिकून घेत. गोकुळाष्टमीनंतरच्या काल्यात पोहे, लाह्या आणि दही एकत्र कालवले जाई. कोणाच्या घरचे काय हे त्यात ओळखू येऊ नये, हाच त्या काल्याचा अर्थ. श्रावणी अमावस्येला पोळा. मातीचे बैल कुंभाराकडून आणायचे किंवा हातांनी घडवायचे, आणि विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरवून मुलांनी आपले लाकडी बैल सजवून मिरवायचे. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी मोठ्यांनी केलेला, लाकडी बैलांचा मान दुसऱ्या दिवशी लहानांनी करायचा.

आश्विनात हादगा किंवा भोंडला. पाटावर हत्ती रेखाटायचा, त्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखायची. ती ओळखता आली नाही यातच यजमान मुलीचा विजय असे. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत लहानग्यांचे बोरन्हाण. हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरे, कुरमुरे, हरभऱ्याचे घाटे ओतले जात आणि भोवतीची मुले ते वेचण्यासाठी धाव घेत. या यादीतील एकही खाद्य केवळ पोट भरण्यासाठी नव्हते, आणि एकही खेळ केवळ वेळ घालवण्यासाठी नव्हता. दोन्ही गोष्टी देवाच्या पानाशी जोडलेल्या होत्या.

संतांनी खेळ वर्ज्य मानला नाही

खेळ हा पोरकटपणा आणि पूजा ही गंभीर बाब, अशी फारकत आपल्या परंपरेने कधी केली नाही. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, चेंडूफळी, टिपरी, हमामा, फुगडी या खेळांवर अभंग आहेत. एकनाथ महाराजांच्या भारुडांत फुगडी, पिंगा, हुतूतू, एकीबेकी हे खेळ परमार्थाचा अर्थ घेऊन उभे राहतात. ज्या श्रोत्यांपुढे ही वाणी उच्चारली गेली त्यांनी ते खेळ स्वतः खेळलेले होते; म्हणून दृष्टांत समजावून सांगावा लागत नसे. सोपानपट किंवा मोक्षपट हा सापशिडीचा खेळ घ्या. सद्गुणाने वर चढावे आणि दुर्गुणाने खाली घसरावे ही त्याची रचना, आणि परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देते.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा हे याचे आणखी एक सुंदर उदाहरण. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा संच. प्रत्येक संचात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. अशी एकूण १२० गोल, हातांनी रंगवलेली पाने. खेळता खेळता अवतारांचा क्रम मुखोद्गत व्हावा, यासाठी वेगळी शिकवणी लागत नसे. ही कला अस्तंगत होऊ पाहत असताना गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच तिला आश्रय दिला, म्हणून ती आज डोळ्यांना दिसते. त्याच गावच्या चितारआळीत लाकडी फळे, भाज्या आणि खेळणी आजही मिळतात.

मातीचा गड आणि भाताचे पोहे

या सर्व परंपरेचा कळस म्हणजे दीपावली. सहामाही परीक्षा संपली की त्याच सायंकाळी मुले विटा, दगड आणि फाटकी गोणपाटे गोळा करू लागत. त्यांचा ढीग रचून त्यावर ओल्या मातीचे लिंपण केले जाई. बुरुज, तट, महादरवाजा, पायथ्याशी तळे आणि तळ्यापलीकडे शेत. डोंगरउतारावर हळीव पेरले जात आणि रोज हाताने पाणी शिंपडले जाई. चार-पाच दिवसांत हिरवे कोंब डोके वर काढीत, आणि ते आधी कोणाच्या गडावर उगवले यावरून आळीत मानापमानाची नाटके घडत. मग कुंभाराकडून आणलेली मातीची चित्रे मांडायची. सर्वांत वर सिंहासनावर शिवछत्रपती, उतारावर मावळे, बुरुजावर तोफ, गुहेत वाघ. त्यातच डोक्यावर घडे घेतलेली गवळण आणि कधी एखादा खाकी वेषातील पोलीसही उभा असे; इतिहासाला ते मान्य नव्हते, पण मुलांच्या राज्यात त्यांनाही जागा होती.

या गडाला कोणी शिक्षणाचे नाव दिले नाही. परंतु तो रचताना मुलांना रायगड आणि प्रतापगड यांतील भेद कळत असे, उतारावर माती का धरत नाही हे कळत असे, आणि मुख्य म्हणजे चौघांनी मिळून एक काम करताना रुसवे काढावे कसे हेही कळत असे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. आम्हांस वाटते, त्या किल्ल्यांची ओढ या मातीत टिकून राहिली यात अंगणांतील त्या वीतभर उंचीच्या गडांचा वाटा थोडा नाही.

आणि मग नरकचतुर्दशीची पहाट. तेल, उटणे, उन्हाळ्या पाण्याने अभ्यंग, तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडलेले कडू कारीट, आणि त्यानंतरच फराळ. कोकणात आणि गोमंतकात या फराळाचा मुख्य मान चकली-कडबोळ्यांचा नव्हे, तर पोह्यांचा. नुकतेच भात झोडून घरात आलेले असे. ते भिजवायचे, निथळायचे, खापरात भाजायचे आणि गरम असतानाच उखळात कांडायचे. मुसळ मोठ्यांच्या हाती. सुपातील तूस वेचण्याचे काम मुलांचे. त्या पोह्यांचे मग गूळखोबऱ्याचे गोड पोहे, दुधातले, दह्यातले, फोडणीचे असे प्रकार होत. गोमंतकात नरकासुराची प्रतिमा पहाटे जाळून झाल्यावर हेच 'फोव' घरोघरी खाण्याची चाल आहे. शेजारी एकमेकांकडे पोहे खाण्यास जात आणि कोणाच्या पोह्यांना नव्या भाताचा सुवास अधिक, याची चर्चा होई. सुदाम्याचे पोहे भगवंताने मिटक्या मारीत खाल्ले, ही कथा त्या पहाटे मुलांना वेगळी पटवून द्यावी लागत नसे.

खेळणे आमिष झाले

आता चित्र पालटले आहे. शहरांच्या पदपथांवर रंगवलेले तयार किल्ले विकत मिळतात. आणून ठेवायचे आणि वर दिवा लावायचा. पोहे गिरणीतून येतात, फराळ पेढीतून येतो, आणि रोजची न्याहारी खोक्यातून. त्या खोक्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. धान्य शिजवून, लाटून, भाजून त्याचे पापुद्रे करण्याची युक्ती १८९४ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात निघाली. ते आरोग्यधाम सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे. मांसाहार वर्जून साधे अन्न घ्यावे, ही त्यांची शिकवण. म्हणजे तेही मुळात एका श्रद्धेच्या पथ्यातूनच जन्मास आले. पुढे त्याचा व्यापार झाला आणि विक्री वाढावी म्हणून खोक्याबरोबर मुलांना चित्रांची पुस्तके व खेळणी देण्याची प्रथा पडली. १९९४ नंतर ही खोकी आपल्याकडेही रुळली.

आमचे त्या पापुद्र्यांशी वैर नाही. पोहे तरी दुसरे काय आहेत? आमचे म्हणणे एवढेच की, जेथे खेळणे खाऊबरोबर फुकट मिळते तेथे ते आमिष होते, आणि जेथे ते हातांनी घडवावे लागते तेथे ते कर्तव्य होते. पहिल्या घरात मूल ग्राहक असते. दुसऱ्या घरात ते यजमान असते.

जुनी खेळणी जपता येतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वापराच्या शेकडो वस्तू पाहावयास मिळतात. बालपणीच निवर्तलेल्या आपल्या पुत्राच्या, राजाच्या, नावाने एका पित्याने तो संग्रह उभा केला, हे आठवले की पाहणाऱ्याचे मन भरून येते. परंतु यजमानपणाचा तो मान काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. तो दरवर्षी नव्याने द्यावा लागतो.

सर्वच अंगणे उघडी नव्हती

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. जुन्या काळाचे गोडवे गाताना त्या काळाचा कडवटपणा झाकून ठेवणे हा देवापुढचा खोटेपणा होईल. ज्या अंगणात किल्ला रचला जाई, त्या अंगणात गावातील प्रत्येक मुलास पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. भातुकली खेळणाऱ्या मुलीच्या हातातून ती भातुकली फार लवकर सुटे आणि खरी चूल हाती येई. मंगळागौरीचा खेळ कित्येकींच्या वाट्याला आला तेव्हा त्या स्वतःच अजून बालिका होत्या. भाताचे पोहे ज्यांनी कांडले त्या सर्वांच्या घरी ते पोहोचले असेही नाही.

म्हणून जुने जसेच्या तसे परत आणा, असे आम्ही म्हणणार नाही. परत आणावयाचे ते एवढेच : मुलाच्या हाती काम आणि त्या कामाला मान. आणि या वेळी तो मान मुलगा-मुलगी, आपला-परका असा भेद न करता द्यावयाचा. ज्या काल्यात कोणाचे काय हे ओळखू येत नाही, त्या काल्याचा अर्थ खऱ्या अर्थाने आचरण्याची संधी आपल्या पिढीस लाभली आहे.

यंदाची दीपावली

काही गृहिणी म्हणतील, सदनिकेत अंगण कोठले? नोकरीच्या धबडग्यात उखळ कोठले? हा आक्षेप रास्त आहे. पण गडाला अंगणच हवे असे नाही. सज्जातील कोपरा पुरतो, आणि संकुलाच्या आवारात दहा घरांची मुले एकत्र आली तर त्याहून उत्तम. कित्येक ठिकाणी अशा किल्ल्यांच्या स्पर्धा आजही होतात. उखळ नसले तरी पोहे निवडण्यास आणि खोबरे खवण्यास मुलांचे हात आहेतच. पणत्यांच्या वाती कोणी वळाव्यात, रांगोळीचा पहिला ठिपका कोणी द्यावा, शेजारच्या घरी फराळाचे ताट कोणी न्यावे, हे आधी ठरवून द्या. आणि एकदा ठरवले की ते काम मुलाकडून काढून घेऊ नका. गड वाकडा झाला, वात जाड झाली, पोह्यात मीठ अधिक पडले, तरी ते तसेच देवापुढे ठेवा. देवास नीटनेटकेपणापेक्षा त्यामागचा भाव प्रिय, ही शिकवण आपण मुलांना शब्दांनी देत आलो आहोत. ती कृतीने देण्याची ही वेळ.

घरातील आजी-आजोबांना आमची आणखी एक विनंती. 'आमच्या लहानपणी' हे शब्द उच्चाराल तेव्हा नातवंडांशेजारी खाली बसून हात मातीत घाला. केवळ सांगितलेली आठवण मूल विसरते. हातांनी शिकलेले विसरत नाही.

पूजेच्या ताम्हनात जसे हळद, कुंकू, अक्षता यांचे ठरलेले स्थान असते, तसे सणाच्या घरात मुलांचे स्थान ठरलेले असावे. ते त्यांना यंदा पुन्हा लाभो, आणि त्यांनी शिंपलेल्या पाण्याने प्रत्येक घरच्या गडावर हिरवे कोंब उगवोत, हीच या मंगल पर्वावर श्रीचरणी प्रार्थना.