औषधाच्या चिठ्ठीमागचा हिशेब

औषधाच्या व्यवहारात पैसे मोजणाऱ्याला निवडीचा अधिकार नसतो आणि निवड करणाऱ्याला पैसे मोजावे लागत नाहीत. औषध कंपन्यांच्या पाहुणचाराचा ओघ डॉक्टरांकडे वळतो, तो याच कारणाने. त्वचारोगांत तर व्याधी दीर्घकाळ चालणारी, मलमा-साबणांची यादी लांबलचक आणि औषध व सौंदर्यप्रसाधन यांतील रेषा पुसट!

या प्रकाराला नियमांनी केव्हाच मनाई केली आहे. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून भेटवस्तू, प्रवासखर्च व रोख रक्कम स्वीकारणे डॉक्टरांना निषिद्ध ठरविले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीज खटल्यात अशा खर्चावर कंपनीला प्राप्तिकरात वजावट नाकारली. हा खर्च अखेर औषधाच्या किमतीत मिसळून रुग्णाच्याच माथी बसतो, हे न्यायालयाने स्पष्टपणे नोंदविले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कंपन्यांसाठी विपणनसंहिताही आणली.

तरीही, आपल्या डॉक्टरला कोणत्या कंपनीने काय दिले, हे रुग्णाला कळण्याची सोय आपल्याकडे नाही. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार ही माहिती डॉक्टरच्या नावानिशी २०१४ पासून जनतेसाठी खुली आहे. आपल्याकडे तसे का होऊ नये? सचोटीने व्यवसाय करणाऱ्या असंख्य डॉक्टरांना त्याचे भय वाटण्याचे कारण नाही; उलट त्यांची प्रतिष्ठा वाढेल.

तोवर रुग्णानेच सावध राहावे. डॉक्टरची त्वचारोगातील एम.डी. वा तत्सम पदवी आणि वैद्यक परिषदेकडील नोंदणी पाहावी. औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. मलमात स्टिरॉइड आहे का, ते किती दिवस लावायचे, स्वस्त पर्याय आहे का, हे निःसंकोच विचारावे. नायट्यावर स्टिरॉइडमिश्रित मलम चोळल्याने खाज तात्पुरती थांबते, रोग मात्र चिवट होतो. म्हणूनच २०१८ मध्ये अशा अनेक मलमांची चिठ्ठीविना विक्री शासनाने बंद केली. प्रश्न विचारल्याने रागावणाऱ्या डॉक्टरपेक्षा शांतपणे उत्तर देणारा डॉक्टर केव्हाही बरा.

वैद्यकीचा पाया विश्वास हाच आहे. पण तो अंधारात टिकत नाही. हिशेब उघडा असेल तरच तो दृढ होतो.