भिजलेला गहू : वरून वाळला, आतून काय?

गहू सोंगायला आला की आभाळ भरून येते, हे आता नवीन राहिले नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. आडवे झालेले पीक पंचनाम्यात येते. पण भिजलेला जो गहू आपण घरात आणतो, त्याचे नुकसान पावसाळ्यात सुरू होते. ते कुठल्याच कागदावर येत नाही.

बुरशीला ओल आणि ऊब लागते. ओंबी शेतातच भिजत राहिली तर फ्युजेरियम बुरशी दाण्यात शिरते. काश्मीर खोऱ्यात १९८७ साली पावसात भिजलेला बुरशीचा गहू खाऊन लोकांना पोटाचे विकार झाले आणि तपासणीत त्या गव्हात बुरशीची विषे सापडली.

आपल्याकडे खरा धोका साठवणुकीत आहे. दाण्यात १२ टक्क्यांच्या आत ओल असेल तर बुरशी वाढत नाही. १४ च्या पुढे गेली की ॲस्परजिलस डोके वर काढते. २५ ते ३५ अंश तापमान तिला मानवते. म्हणून मे महिन्याच्या कडक उन्हात जो गहू बरा वाटतो, तोच मृगानंतर हवा दमट होऊन पारा तिशीवर आला की पोत्यात तापू लागतो. फुटके दाणे आणि सोंडे किडे यात भरच घालतात.

तिचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते यकृतावर घाव घालते. धान्यात त्याची कायदेशीर मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे टनामागे फक्त १५ मिलिग्रॅम. गहू धुतला, दळला, पोळी भाजली तरी ते पूर्ण जात नाही. "माणसाला नको तर जनावराला टाका" म्हणावे, तर दुधातून ते परत लेकरांच्या पेल्यात येते.

तेव्हा बंधूंनो, भिजलेला आणि कोरडा गहू एकत्र करू नका. ताडपत्रीवर पातळ पसरून, दिवसातून चार-पाच वेळा हलवून वाळवा, रात्री झाका. मूठभर गहू आणि चमचाभर कोरडे मीठ कोरड्या बाटलीत हलवून पाहा. मीठ दाण्याला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. नाही चिकटले तरी दाताखाली दाणा कडकन फुटेपर्यंत ऊन द्या. गरम गहू लगेच कोठीत भरू नका, आणि पोत्यांखाली लाकडी फळ्या टाकून थप्पी भिंतीपासून हातभर दूर लावा. काळा पडलेला, कुबट वास येणारा माल वेगळा काढून पुरा.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनाही सांगणे आहे. अवकाळीनंतर पंचनामा होतोच. त्याच आठवड्यात शाळेचे किंवा समाजमंदिराचे पटांगण गहू वाळवायला खुले करा. ओल मोजायचे एक यंत्र ग्रामपंचायतीत असले तर अख्ख्या गावाला पुरते. भरपाई येईल तेव्हा येईल, बुरशी तोवर थांबत नाही.