तेजीचे भविष्य आणि दलालीचे गणित

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वेगाडी सुटली. २६१ किलोमीटरच्या नगर-बीड-परळी लोहमार्गाला मंजुरी मिळाली १९९५ साली. बीडपर्यंत रूळ पोहोचायला तीस वर्षे लागली. जिल्ह्याच्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. मात्र या रेल्वेच्या नावावर जमिनीचे भविष्य सांगणाऱ्यांविषयी स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते.

गाळे आणि व्यापारी भूखंड विकून देणारा दलाल बाजाराचा कल सांगतो, तो बहुधा तेजीचाच का असतो? त्याची दलाली व्यवहाराच्या रकमेवर शेकडा हिशेबाने ठरते. ‘थोडे थांबा’ असा सल्ला दिला, तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. गिऱ्हाईक शोधणे, दोन्ही पक्षांना एकत्र बसविणे, हे श्रमाचे काम आहे आणि त्याचा मोबदला रास्तच आहे. आमचा आक्षेप त्याच्या धंद्याला नाही, भविष्यवाणीला आहे.

गाळ्याची किंमत भाड्यावर उभी राहते, भाडे दुकानाच्या विक्रीवर आणि विक्री गिऱ्हाइकाच्या खिशावर. ज्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दरसाल ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, जेथील शेती मुख्यतः पावसावर विसंबून आहे, तेथील खिशातून किती भाडे निघणार? समजा, तीस लाखांच्या गाळ्याला महिना दहा हजार रुपये भाडे आले. वर्षाचे उत्पन्न शेकडा चार झाले. त्यातून घरपट्टी आणि दुरुस्ती वजा व्हायची. बँकेची मुदत ठेवही आज याहून अधिक देते. उरते ती केवळ भाववाढीची आशा.

रेल्वेमुळे व्यापार वाढेल, असे कोणी म्हणेल. वाढेलही. परंतु जी गाडी माल आणते, तीच गिऱ्हाइकाला नगरच्या बाजारातही नेते. शिवाय रेल्वेची आशा विकणाऱ्याने भावात आधीच मिळवलेली असते. १९९५ च्या मंजुरीवर विसंबून ज्याने पैसा गुंतवला असेल, त्याची उमेद वाट पाहण्यातच सरली असेल.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये नोंदणीकृत प्रकल्पातील विक्री जुळविणाऱ्या दलालालाही नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक मागण्यात संकोच कसला? सातबारा, बिगरशेतीचा आदेश आणि शेजारच्या गाळ्यांचे प्रत्यक्ष भाडे, हे तिन्ही स्वतः पाहावे. बंद शटरेही मोजावीत. ती खोटे बोलत नाहीत.

निवृत्तीची पुंजी किंवा लेकीच्या शिक्षणाची ठेव एकदाच साठते. दलालाचा अंदाज चुकला, तरी त्याची दलाली परत येत नाही. कर्जाचा हप्ता मात्र आपल्याच दारी येतो. ज्याला चुकीची झळ लागत नाही, त्याच्या भविष्यावर घर गहाण टाकू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.