विश्लेषण : अपडेट केलं आणि व्हर्च्युअल मशीन गायब! घरचा सर्व्हर बिघडला की आधी काय तपासायचं?

एप्रिल २०२५ मध्ये ‘ट्रूनॅस’ या सॉफ्टवेअरची २५.०४ ही आवृत्ती आली. घरी स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या अनेकांनी ती टाकली, मशीन रीस्टार्ट केलं आणि पाहतात तर काय, आधी तयार केलेली व्हर्च्युअल मशीन यादीतच नाहीत! फोटो जागेवर, सिनेमे जागेवर, कागदपत्रं जागेवर. पण त्याच डब्यावर चालणारं घरातल्या दिव्यांचं ऑटोमेशन, जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर, छोटीशी वेबसाइट असं सगळं ठप्प. असं होणार हे कंपनीने रिलीज नोट्समध्ये आधीच लिहिलं होतं. पण रिलीज नोट्स वाचतं कोण?

गंमत म्हणजे यात डेटा उडाला नव्हता. तरीही घाबरून काहीबाही केलं असतं, तर तो नक्की उडाला असता. घरच्या सर्व्हरच्या बहुतेक बिघाडांची हीच तऱ्हा असते.

मुळात घरी सर्व्हर ठेवतं कोण आणि कशाला?

१ जून २०२१ पासून गुगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा लागू झाली. दर महिन्याला पैसे भरत राहायचे की स्वतःची जागा करायची, असा प्रश्न पडलेल्यांपैकी काहीजण ‘नॅस’कडे वळले. नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. सोप्या भाषेत, राउटरला जोडलेला आणि दोन-चार हार्ड डिस्क असलेला एक छोटा कॉम्प्युटर. घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ आणि फाइल्स त्यावर राहतात.

हा कॉम्प्युटर दिवसाचे चोवीस तास चालू असतो आणि बराच वेळ रिकामाच बसतो. मग त्यावरच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवायला सुरुवात होते. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा एकच, पण आत चार बिऱ्हाडं. प्रत्येकाचा दरवाजा वेगळा, चूल वेगळी. पाण्याची टाकी मात्र सगळ्यांची मिळून एकच. व्हीएमचंही तसंच आहे. प्रत्येकात वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम असते, पण प्रोसेसर, रॅम आणि डिस्क एकाच मशीनची. एका बिऱ्हाडाने नळ उघडा ठेवला की बाकीच्यांची बोंब होते.

अपडेटमध्ये नेमकं काय बिनसलं?

ट्रूनॅसने २५.०४ मध्ये व्हीएम सांभाळणारी जुनी यंत्रणा बाजूला ठेवून ‘इन्कस’ नावाची नवी यंत्रणा आणली. जुन्या व्हीएमची माहिती नव्या यंत्रणेत आपोआप आली नाही. इथे एक फरक समजून घ्यायला हवा. व्हीएमचे दोन भाग असतात. एक तिची डिस्क, ज्यात तिचा सगळा डेटा असतो. दुसरी तिची नोंद, म्हणजे किती रॅम द्यायची, किती प्रोसेसर द्यायचे, नेटवर्क कुठे जोडायचं याची यादी. अपडेटनंतर हरवली ती नोंद. डिस्क तशाच होत्या.

त्यामुळे उपाय साधा होता. नवं व्हीएम तयार करायचं आणि डिस्क विचारल्यावर कोरी डिस्क न बनवता जुनीच निवडायची. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांचं काम थोडक्यात झालं. ज्यांनी ‘आता सगळं गेलंच आहे’ असं समजून पूल पुसून नव्याने सुरुवात केली असेल, त्यांचं नुकसान मात्र खरंखुरं. पुढे वापरकर्त्यांची नाराजी वाढली आणि २५.०४.२ मध्ये कंपनीने व्हीएमची जुनी पद्धत परत आणली.

बिघाड झाला की पहिल्यांदा काय करायचं?

पहिल्यांदा काहीच करायचं नाही. काय बदललं ते आठवायचं. काल अपडेट टाकलं? नवी रॅम लावली? राउटर बदलला? रात्री वीज गेली होती? बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. एकदम चार सेटिंग बदलली आणि मशीन सुरू झालं, तरी कशामुळे सुरू झालं हे कळत नाही. मग पुढच्या वेळी पाढे पंचावन्न.

तपासणी खालून वर करत न्यायची. आधी वीज आणि केबल, मग डिस्क, मग रॅम, मग नेटवर्क आणि शेवटी व्हीएम.

डिस्क : प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. यातले चार आकडे लक्षात ठेवण्यासारखे. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी वाढत असतील, तर डिस्कवरच्या जागा खराब होत आहेत, म्हणजे डिस्क बदलायची तयारी करायची. पण १९९ क्रमांकाचीच नोंद वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. एक सैल केबल नीट बसवायची सोडून हजारो रुपयांची नवी डिस्क आणणारे कमी नाहीत.

रॅम : ‘व्हीएम रात्री आपोआप बंद पडतं’ ही नेहमीची तक्रार. व्हीएमच्या आत शोधलं तर एरर सापडत नाही, कारण ते आतून बंद पडलेलंच नसतं. ट्रूनॅस वापरतं ती ‘झेडएफएस’ ही फाइल प्रणाली मोकळी रॅम कॅशसाठी वापरते. हे तिचं नेहमीचं काम आहे आणि त्यामुळेच फाइल्स पटापट उघडतात. पण १६ जीबीच्या मशीनवर दोन व्हीएमना मिळून १२ जीबी दिली, तर टाकी कोरडी पडते. मग लिनक्स सर्वाधिक रॅम खाणाऱ्या प्रोग्रामला थेट बंद करतं आणि तो प्रोग्राम बहुतेकदा व्हीएमच असतो. मुख्य मशीनच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ दिसली की निदान पक्कं.

‘मग रॅम वाढवू’ हा उपायही आता महागला आहे. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढले आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे आधी व्हीएमना दिलेली रॅम कमी करून पाहणं शहाणपणाचं.

नेटवर्क : व्हीएमला इंटरनेट मिळतं, घरातला लॅपटॉपही सापडतो, पण ते ज्या सर्व्हरवर चालतंय त्यावरचे फोटोच त्याला दिसत नाहीत. हा प्रकार नवख्यांना हमखास चक्रावून टाकतो. व्हीएम थेट नेटवर्क कार्डाला जोडलं असेल, तर त्याची माहिती सरळ बाहेर जाते आणि शेजारच्याच खोलीत परत येऊ शकत नाही. यासाठी ‘ब्रिज’ तयार करावा लागतो आणि सर्व्हर व व्हीएम दोघांनाही त्याला जोडावं लागतं. हा बदल करताना सर्व्हरशी संपर्क तुटू शकतो. म्हणून मॉनिटर आणि कीबोर्ड जवळ ठेवूनच तो करावा.

व्हर्च्युअलायझेशन : नवं व्हीएम सुरूच होत नसेल, तर बायोसमधलं एक बटण पाहायचं. इंटेलच्या मशीनमध्ये ते ‘व्हीटी-एक्स’ या नावाने असतं, एएमडीच्या मशीनमध्ये ‘एसव्हीएम’ या नावाने. बऱ्याच मदरबोर्डवर ते बंद असतं. बायोस अपडेट केल्यावर किंवा त्याचा सेल संपल्यावर सेटिंग मूळपदावर येतं आणि कालपर्यंत चाललेलं व्हीएम आज नकार देतं.

कोणत्या चुकीला माफी नाही?

वरच्या चुका वेळ खातात, डेटा खात नाहीत. डेटा खाणारी चूक वेगळीच असते. ‘प्रॉक्समॉक्स’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या आत ट्रूनॅसच एक व्हीएम म्हणून चालवायची पद्धत आहे. यात डिस्क ट्रूनॅसच्या ताब्यात असतात, पण त्या प्रॉक्समॉक्सलाही दिसू शकतात. दोघांनी तोच पूल एकाच वेळी उघडला आणि दोघंही त्यावर लिहू लागले, तर पूल कायमचा बिघडू शकतो. एकाच वहीत दोन माणसांनी एकमेकांना न सांगता खाडाखोड करावी, तसं. म्हणून सुट्या डिस्क न देता डिस्क जोडलेलं पूर्ण कंट्रोलर कार्डच व्हीएमच्या हवाली करायचा सल्ला दिला जातो.

दुसरी चूक म्हणजे खराब डिस्क काढताना चांगली काढणं. चार सारख्या डिस्क दिसल्या की ही चूक सहज होते. प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर कागदावर लिहून कप्प्यावर चिकटवला, तर ती टळते. खर्च शून्य.

डिस्क विकत घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. नॅससाठीच म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यूडी रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये ‘एसएमआर’ तंत्र वापरलं असल्याचं एप्रिल २०२० मध्ये उघड झालं. या तंत्रात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकांवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे सतत लिहायची वेळ आली की डिस्क मंदावते. नेमकी ती वेळ बिघडलेली डिस्क बदलल्यावर येते. या गोष्टीवरून खटले झाले आणि कंपनीने नंतर ‘रेड प्लस’ अशी वेगळी ओळ केली.

सर्व्हर आपला, पण मर्जी कोणाची?

क्लाउड कंपन्यांच्या मर्जीवर राहायला नको म्हणून लोक घरी सर्व्हर आणतात. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र घरातल्या डब्यावरही कंपन्यांचे निर्णय आदळले.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरगुती वापरकर्त्यांची लाडकी मोफत ‘ईएसएक्सआय’ बंद झाली. असंख्य लोक प्रॉक्समॉक्सकडे गेले. एप्रिल २०२५ मध्ये मोफत आवृत्ती परत आली, तोवर अनेकांनी घर बदललं होतं. त्याच महिन्यात सिनॉलॉजीने जाहीर केलं की २०२५ च्या प्लस मालिकेत कंपनीच्या किंवा कंपनीने मान्य केलेल्याच डिस्क पूर्णपणे चालतील. ग्राहकांनी टीकेची झोड उठवली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हे बंधन बऱ्याच अंशी मागे घेतलं गेलं.

तिन्ही प्रकरणांत कंपन्यांना पाऊल मागे घ्यावं लागलं, हे खरं. पण ते ग्राहकांकडे पर्याय होते म्हणून. डेटा उचलून दुसरीकडे नेता येत असेल, तरच नाराजीला वजन असतं.

बाहेरून धोका किती?

जून २०२१ मध्ये जगभरातल्या ‘डब्ल्यूडी माय बुक लाइव्ह’ वापरकर्त्यांचा डेटा एका रात्रीत पुसला गेला. कुणीतरी इंटरनेटवरून त्या मशीनना फॅक्टरी रीसेट केलं होतं. या मशीनसाठी शेवटचं अपडेट २०१५ मध्ये आलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने क्यूनॅपच्या नॅसवरच्या फाइल्स कुलूपबंद करून ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागितली.

पासवर्ड सांभाळणाऱ्या ‘लास्टपास’वर २०२२ मध्ये झालेल्या हल्ल्याचा एक धागाही असाच घरात पोहोचला. कंपनीच्या एका इंजिनियरच्या घरच्या कॉम्प्युटरवर ‘प्लेक्स’ची जुनी आवृत्ती होती. तिच्यातली त्रुटी मे २०२० मध्येच दुरुस्त झाली होती, पण अपडेट टाकलेलं नव्हतं.

म्हणजे अपडेट केलं तर व्हीएम गायब होण्याची भीती आणि नाही केलं तर चोर घरात. यावर मधला मार्ग आहे. सुरक्षेची अपडेट लगेच टाकायची. मोठी नवी आवृत्ती आली की महिना-दोन महिने थांबायचं, रिलीज नोट्स वाचायच्या आणि सेटिंगची फाइल डाउनलोड करून मगच पुढे जायचं. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही, बाहेरून वापरायचा असेल तर व्हीपीएन वापरायचं. भारतात अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटतात, त्यामुळे इथे पोर्ट उघडायचा खटाटोप अनेकदा फुकटच जातो.

मग खरा विमा कोणता?

दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणं म्हणजे बॅकअप, हा सर्वात मोठा गैरसमज. चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसलं जातं. स्नॅपशॉट अशा चुकीतून वाचवतो, पण तोही त्याच डिस्कवर असतो. पाणी गळलं, वीज कोसळली किंवा चोरी झाली, तर दोन्ही एकत्र जातात.

जुना नियम अजूनही चालतो : डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक घराबाहेर. ही बाहेरची प्रत गावाकडच्या कपाटात ठेवलेली एक्स्टर्नल डिस्कही असू शकते. आपल्याकडे वीज कधीही जाते, म्हणून यूपीएसही हवाच, तोही बॅटरी संपत आली की सर्व्हरला नीट बंद करणारा.

आणि बॅकअप आहे एवढ्यावर थांबू नका. या रविवारी त्यातला एक जुना फोटो आणि एक व्हीएम परत आणून पाहा. परत आलं नाही, तर ते आजच कळलेलं बरं. मूळ डेटा अजून जागेवर आहे.