मोठ्या चित्रकाराची नक्कल : फसवणूक की शिक्षण?

रांजणगाव : एमआयडीसीतली शिफ्ट संपवून तैलरंग शिकायला बसणाऱ्याचा गुरू आज बहुतेक वेळा मोबाइलच असतो. स्क्रीनवर नामवंताचे निसर्गचित्र उघडायचे आणि ते कॅनव्हासवर उतरवायचे. घरचे विचारतात, 'यात तुझे स्वतःचे काय?' प्रश्न रास्त आहे. पण नक्कल करताना नेमके काय उचलले, यावर त्याचे उत्तर ठरते.

नक्कल करून कोणी शिकले का?

'द हे वेन' (१८२१) हे गाजलेले निसर्गचित्र रंगवणारा इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल १८२३ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, क्लोद लोरेनची चित्रे समोर ठेवून त्यांच्या प्रती करत होता. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रती केल्या. पुढे नावारूपाला आलेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच. ती निसर्गचित्रे नव्हती, पण शिकण्याची रीत हीच.

मिळते काय?

कामाचा क्रम. आधी पातळ रंगाने गडद-फिक्या भागांची मांडणी, मग मधल्या छटा, जाड उजेड शेवटी. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवे. उलट झाले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आक्रसतो आणि चित्राला तडे जातात. दूरचे डोंगर फिके, निळसर ठेवले की चित्रात अंतर कसे येते, हेही हाताला कळते.

मोबाइल कुठे फसवतो?

'द हे वेन' सुमारे १८५ सेंटिमीटर रुंद आहे. आडव्या धरलेल्या फोनवर ते जेमतेम काही सेंटिमीटरचे दिसते. रंगाचा जाडपणा कळत नाही. शिवाय स्क्रीन स्वतः उजेड देते, रंग तो फक्त परावर्तित करतो. त्यामुळे अख्खे चित्र उतरवण्यापेक्षा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर झूम करून एखादा कोपराच रंगवावा. मूळ चित्र आणि आपले काम, दोन्हींचे फोटो कृष्णधवल करून शेजारी ठेवले की गडद-फिक्याची चूक लगेच सापडते.

कायदा काय म्हणतो?

भारतात चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कॉन्स्टेबल १८३७ मध्ये वारला, त्यामुळे त्याची अडचण नाही. हयात चित्रकाराची नक्कल विकायची तर मात्र परवानगी हवी. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात प्रती करणाऱ्यांना मूळ आकार आणि मूळ सही, दोन्हींची मनाई आहे. घरीही हाच नियम पाळावा आणि कॅनव्हासमागे 'कॉन्स्टेबलवरून' असे स्पष्ट लिहावे.

मग स्वतःचे काय?

कॉन्स्टेबलने 'द हे वेन'मध्ये वडिलांच्या गिरणीजवळचा, लहानपणापासून पाहिलेला ओढाकाठ रंगवला. त्याच्या ओल्या हिरव्या रंगात शिरूर तालुक्यातला एप्रिल बसणार नाही. म्हणून त्याचा क्रम घ्यावा, रंग तिथेच सोडावेत. दोन-तीन नकला झाल्या की फोन खिशात ठेवून सुट्टीच्या दिवशी घोड नदीच्या काठी जावे. तिथला करडा-पिवळा उजेड स्वतः पाहून मिसळता आला, की घरच्यांच्या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावे लागणार नाही.