फोन करण्याआधी घड्याळ पाहा

दुधनीहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात झोप येत नाही, जेवण जात नाही, उगाच रडू येते. घरचे म्हणतात, त्याचे मन रमत नाही. ते खरे असले, तरी त्याच्या शरीराचे घड्याळही अजून दुधनीचीच वेळ दाखवत असते. ते दिवसाला साधारण तासभरच सरकते. न्यूयॉर्कशी जुळायला आठ-दहा दिवस लागतात. सकाळचे ऊन आणि वेळेवर जेवण यांनी ते लवकर जुळते. मात्र ऑगस्टमध्ये इथून सकाळी १० वाजता काळजीने केलेला फोन तिथे रात्री साडेबाराला वाजतो आणि जेमतेम लागलेली झोप मोडतो. त्याऐवजी इथल्या रात्री ८ वाजता बोलावे.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत गेल्या, तेव्हा घरचे पत्र पोचायला कित्येक आठवडे लागत. त्यांना आधार झाला तो रोझेल गावच्या कार्पेंटर कुटुंबाचा. म्हणून ‘जेवलास का?’ याबरोबर ‘तिथे कोणाशी ओळख झाली?’ हेही विचारावे. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, उदासी हटत नसेल, तर ‘होईल सवय’ म्हणून सोडून देऊ नये. विद्यापीठातल्या समुपदेशकाला भेटायला सांगावे.